बंदूक आणि तलवार एका चौकटीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या चित्रपटविषयक लेखात, काऊबॉयपटांची आणि आशियाई युद्धकलांची सांगड घालणाऱ्या चित्रपटांना ‘दोन संस्कृतींची भेसळ’ असे म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. बाकीचा लेख अभ्यासपूर्ण होता आणि मी तो कात्रणांच्या वहीत चिकटवूनही ठेवला. परंतु त्या एका वाक्याने मनाला फार लागले. मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ चित्रकला शिकवली. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवता बसवता नोकरी संपली, आणि त्या सगळ्या काळात हे चित्रपट मिळतील तिथे आणि मिळतील तसे पाहत आलो. ज्या गोष्टीने मला रंग, रेषा आणि मोकळी जागा यांविषयी पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले, तिच्यासाठी दोन शब्द लिहिणे हे माझे कर्तव्य आहे असे मला वाटते.

भेसळ हा शब्दच इथे लागू पडत नाही. दुधात पाणी घालणारा माणूस ते पाणी लपवतो. पाणी दिसले तर त्याचा धंदा बसतो. या चित्रपटांत मात्र दोन्ही गोष्टी मुद्दाम डोळ्यांसमोर मांडलेल्या असतात. रुंद काठाची टोपी घातलेला माणूस आणि कमरेला तलवार खोचलेला माणूस एकाच धुळीत समोरासमोर उभे राहतात, आणि त्यांचे वेगळेपण दिसावे म्हणूनच दिग्दर्शकाने त्यांना तिथे आणलेले असते. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शालीत सूत आणि रेशीम एकत्र विणलेले असते. तिला कोणी रेशमातली भेसळ म्हणत नाही, कारण त्या दोन धाग्यांच्या मिलाफातूनच तिचा पोत तयार होतो.

या चित्रपटांची गोडी मला कशी लागली हे सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे नीट कळणार नाही. लहानपणी वडिलांबरोबर मी माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला जात असे. दिवसभर घोड्यांचा बाजार पाहायचा, दात तपासणाऱ्या आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवणाऱ्या लोकांच्या मागे मागे फिरायचे आणि रात्री तंबूतला सिनेमा पाहायचा, असा तो कार्यक्रम असे. एकदा समोरच्या बाजूला जागा उरली नाही म्हणून आम्ही पडद्याच्या मागे बसलो. तिथून सगळे उलटे दिसत होते. दरोडेखोराने बंदूक डाव्या हातात धरली होती, घोडे उलट्या दिशेने धावत होते आणि पडद्यावरची अक्षरे वाचता येत नव्हती. तरीही मला सगळी गोष्ट समजली. कोण भितो आहे, कोण वाट पाहतो आहे आणि कोण आता मरणार आहे, हे उभे राहण्यावरून, मान वळवण्यावरून आणि दोन माणसांमधल्या अंतरावरून कळत होते. शब्दांवाचून आकृतीतून अर्थ सांगता येतो, हे मला तिथे उमगले. पुढे मुलांना रेखाटन शिकवताना मी हीच गोष्ट सांगत राहिलो.

कला शिक्षक पदविकेसाठी औरंगाबादला असताना सकाळच्या कमी दराच्या खेळाला ‘रेड सन’ पाहिला. 1971 सालचा हा चित्रपट टेरेन्स यंग यांनी दिग्दर्शित केला होता. कथानक साधे आहे. जपानचा राजदूत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट द्यायची एक मानाची तलवार घेऊन आगगाडीने निघालेला असतो. दरोडेखोर गाडी लुटतात. त्यांच्यातलाच एक जण साथीदाराला दगा देऊन तलवार घेऊन पळतो. मग दगा बसलेला तो दरोडेखोर आणि राजदूताचा सामुराई, म्हणजे जपानी तलवारबाज योद्धा असलेला अंगरक्षक, असे एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेले दोघे, सात दिवसांच्या मुदतीत तलवार परत आणायला पायी निघतात. दरोडेखोर झालेला चार्ल्स ब्रॉन्सन आणि सामुराई झालेला तोशिरो मिफुने यांची ही जोडी. एक सतत निसटायला पाहतो आणि दुसरा त्याला निसटू देत नाही. मला त्या वेळी इंग्रजी जेमतेम कळत होते, पण दोघांच्या चालण्यातला फरक अजून डोळ्यांपुढे आहे. ब्रॉन्सन खांदे सैल सोडून, पाय फेकत चालतो. मिफुनेची कंबर जराही वरखाली होत नाही, जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. चित्रपट संपेपर्यंत दोघांच्या मनात एकमेकांविषयी आदर निर्माण होतो, आणि तो संवादांआधी त्या चालीत दिसू लागतो.

या जोडीमागे एक खरा इतिहास आहे, आणि मला वाटते या प्रकारच्या चित्रपटांचे खोलवरचे आकर्षण तिथेच आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 मध्ये संपले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत आगगाडी, तारायंत्र आणि काटेरी तार यांनी घोड्यावरच्या भटक्या माणसाचे मोकळे रान संपवले. जवळजवळ त्याच काळात जपानमध्ये मेइजी राजवटीने सामुराईंचे अधिकार एकेक करून काढून घेतले आणि 1876 मध्ये त्यांना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यासही बंदी केली. महासागराच्या दोन टोकांना दोन प्रकारची माणसे एकाच सुमारास निकामी ठरत होती. दोघांजवळही एक हत्यार, एक शिस्त आणि दिलेल्या शब्दाची चाड, एवढीच शिल्लक होती. त्यांना एका चौकटीत उभे करणारा दिग्दर्शक हवेत काही बांधत नाही. इतिहासात राहून गेलेली एक भेट तो घडवून आणतो.

शिवाय चित्रपटकलेत या दोन प्रवाहांची देवाणघेवाण फार जुनी आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा हे अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या काऊबॉयपटांचे चाहते होते. त्यांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराय’वरून 1960 मध्ये अमेरिकेत ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ निघाला. त्यांचाच 1961 चा ‘योजिम्बो’ सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने 1964 मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या नावाने जवळजवळ जसाच्या तसा उचलला. ‘योजिम्बो’ काढणाऱ्या तोहो कंपनीने त्यावर दावा लावला, तडजोड झाली आणि अमेरिकेत तो चित्रपट 1967 मध्येच लागू शकला. उचलेगिरी ती उचलेगिरीच, तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु फोर्डकडून कुरोसावांकडे, कुरोसावांकडून लिओनेकडे आणि तिथून आपल्या 1975 च्या ‘शोले’पर्यंत ही धार वाहत आली आहे. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत ‘शोले’मधले रामगड वसवले गेले, आणि भाड्याने आणलेले शूर लोक गावाचे रक्षण करतात ही कल्पना आपल्या खेड्यापाड्यांतील प्रेक्षकाने इतकी आपली मानली की ती बाहेरून आली असेल असे त्याला कधी वाटलेही नाही. ज्यांना शुद्धता हवी आहे त्यांनी या प्रवाहाचा कोणता घाट शुद्ध मानायचा ते सांगावे.

आता शैलीविषयी. संबंधित लेखात या चित्रपटांना ‘अवास्तव’ म्हटले आहे, आणि ते खरेच आहे. परंतु अवास्तव असणे हा दोष कसा, ते मला समजले नाही. कुरोसावांच्या 1962 च्या ‘सांजुरो’च्या शेवटी दोन तलवारबाज हातभर अंतरावर समोरासमोर उभे राहतात. कोणी हलत नाही. पापणीही लवत नाही. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, आणि मग एका क्षणात, एका वारात सगळे संपते. लिओनेने हेच थांबणे घेतले, त्याला उन्हाने आकसलेले डोळे आणि बंदुकीजवळ घुटमळणारी बोटे यांची जोड दिली आणि संगीतकार एन्निओ मोरिकोने यांच्या संगीतातली शीळ, चाबकाचा फटकारा आणि घंटेचा ठोका त्या शांततेत सोडला. तिकडे चिनी दिग्दर्शक किंग हू यांनी 1966 च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये आणि 1967 च्या ‘ड्रॅगन इन’मध्ये पेकिंग ऑपेरा या चिनी संगीतनाट्याची पदलालित्ये आणि तालवाद्ये मारामारीच्या दृश्यांत आणली. ‘ड्रॅगन इन’मधली ओसाड सरहद्दीवरची एकाकी खानावळ पाहताना, तिथे येणारा प्रत्येक वाटसरू कोण असेल या शंकेने मन व्यापते, आणि काऊबॉयपटातल्या दारूच्या गुत्त्यात शिरल्यासारखेच वाटते. या दोन परंपरांचे व्याकरण आधीच जुळलेले होते. तलवार आणि बंदूक एकत्र आणणाऱ्यांनी ते फक्त उघड केले.

आमच्या गल्लीत लाठीकाठीचे एक जुने उस्ताद राहत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना माझ्या घरी असे दोन-तीन चित्रपट दाखवले. उड्या आणि गिरक्या पाहून ते हसत. दोरीने ओढलेला माणूस त्यांना लगेच ओळखू येई. परंतु ‘सांजुरो’चा तो शेवट पाहून ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “मास्तर, वार समदेच शिकवतेत. थांबणं कुणी शिकवत नाही. ह्या माणसानं थांबणं दाखवलं.” नंतर त्यांनी काठी मागवली आणि त्या वयात, गुडघे दुखत असताना, अंगणात पवित्रा घेऊन दाखवला. डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवून ते जितका वेळ उभे राहिले, तितका वेळ माझा नातू जागचा हलला नाही. शैलीदार मारामारी ही खऱ्या युद्धकलेचा अपमान असते असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगत असतो.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला या चित्रपटांतल्या रंगांविषयी विशेष बोलायचे आहे. जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके यांच्या 2007 च्या ‘सुकियाकी वेस्टर्न जांगो’मध्ये जपानच्या मध्ययुगातले हेइके आणि गेंजी हे दोन वैरी पक्ष काऊबॉयपटातल्या गावात आणून बसवले आहेत. हेइके तांबडे आणि गेंजी पांढरे. हे रंग दिग्दर्शकाने मनाने दिलेले नाहीत, त्या दोन घराण्यांच्या निशाणांचेच ते रंग आहेत. सगळे जपानी नट इंग्रजी बोलतात, आणि चित्रपटाच्या सुरुवातीचे एक दृश्य तर रंगवलेल्या पडद्यासमोर घडते. मागचा डोंगर आणि सूर्य कुंचल्याने काढलेले आहेत हे लपवण्याचा प्रयत्नच नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मीच रंगवलेले पडदे आठवले. पडदा खोटा आहे हे समोरच्या सगळ्यांना ठाऊक असते, आणि म्हणूनच त्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे ते जास्त लक्ष देऊन पाहतात.

सन्गमू ली या कोरियन दिग्दर्शकाचा 2010 चा ‘द वॉरियर्स वे’ तिकीटबारीवर आपटला आणि समीक्षकांनीही त्याला फारसे जवळ केले नाही. मला मात्र तो अत्यंत प्रिय आहे. शत्रूच्या वंशातील शेवटचे तान्हे मूल मारायची आज्ञा न पाळता एक योद्धा त्या बाळाला घेऊन अमेरिकेतल्या एका मोडकळीला आलेल्या गावी येतो. गावात सर्कशीतली माणसे राहतात आणि अर्धवट बांधलेला एक अजस्र आकाशपाळणा तसाच उभा आहे. योद्धा तिथे लोकांचे कपडे धुतो. त्याने तलवार म्यानात कायमची बंद करून टाकलेली आहे, कारण ती उपसली की तिचा आवाज दूरवर त्याच्या मागावर असलेल्या त्याच्याच जुन्या टोळीला ऐकू जातो. ही कल्पना किती सुंदर आहे! हत्यार बाहेर काढण्याची किंमत काय असते हे दाखवण्यासाठी प्रवचनाची गरज पडत नाही. एक आवाज पुरतो. न्यूझीलंडमध्ये, बरेचसे स्टुडिओत चित्रित झालेल्या या चित्रपटातले आकाश जलरंगाच्या ओल्या, पातळ थरासारखे दिसते, आणि त्यापुढे माणसे काळ्या कागदातून कापून काढल्यासारखी उभी असतात. इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र शिकवताना भरलेली आणि रिकामी जागा यांचा तोल समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

त्या योद्ध्याने धोब्याचे काम करावे यालाही अर्थ आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात आलेल्या असंख्य चिनी माणसांनी हेच काम करून पोट भरले. पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग 10 मे 1869 रोजी युटाह प्रांतात पूर्ण झाला; त्यातला सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून जाणारा अवघड भाग हजारो चिनी मजुरांनी सुरुंग लावून, बर्फात राबून उभारला होता. आणि 1882 मध्ये त्याच देशाने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. जुन्या काऊबॉयपटांत ही माणसे दिसली तरी आचारी किंवा धोबी म्हणून, हसण्यासाठी दिसत. 1972 मध्ये सुरू झालेल्या ‘कुंग फू’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत चीनमधल्या शाओलिन मठात युद्धकला शिकलेला भिक्षू अमेरिकेच्या पश्चिमेच्या माळरानावर आणला गेला, पण ती भूमिका डेव्हिड कॅराडाईन या गोऱ्या नटाला दिली गेली. 2000 सालच्या ‘शांघाय नून’मध्ये जॅकी चॅन त्याच धुळीतून स्वतः नायक म्हणून घोड्यावर बसून आला, आणि त्याच्या पात्राचे नाव ‘चॉन वँग’ असे ठेवले होते. काऊबॉयपटांतला गाजलेला नट जॉन वेन याचा भास व्हावा असे. विनोदी चित्रपट आहे, परंतु मला त्या नावात एक हक्क मागितल्यासारखा वाटला. दोन प्रकार मिसळले नसते तर ज्यांनी तो लोहमार्ग बांधला त्यांच्या वंशजांना त्या दृश्यात मानाची जागा मिळायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

मराठवाड्याच्या माणसाला हे चित्रपट दूरचे का वाटत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात सेलूहून कोणत्याही दिशेने निघा. बरड माळ, एखादी पडकी गढी, पाणी आटलेली बारव आणि वेशीवर थांबून अनोळखी माणसाला नखशिखान्त न्याहाळणारे लोक दिसतील. अनोळखी माणूस गावात येतो आणि पाण्यावरून किंवा जमिनीवरून पेटलेल्या भांडणात ओढला जातो, ही गोष्ट आम्हांला समजावून सांगावी लागत नाही. नांदेडला होला महल्ल्याच्या दिवशी हल्लाबोल मिरवणुकीत निळ्या वेषातले निहंग, म्हणजे शीख योद्धे, तलवारी उगारून धावत सुटतात, गतका या त्यांच्या युद्धकलेचे खेळ होतात आणि सजवलेले घोडे त्या गर्दीतून जातात. घोडा आणि तलवार आम्ही दरवर्षी डोळ्यांनी एकत्र पाहतो. त्यात शस्त्र असते, श्रद्धा असते आणि देखणेपणही असते, आणि त्यांतले कोणतेही एक वेगळे काढता येत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्याचा वेष घेऊन आपले म्हणणे मांडण्याची रीत आमच्याच मातीत चारशे वर्षांहून जुनी आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या अशी कितीतरी सोंगे घेतली आणि त्या त्या लोकांच्या बोलीत अध्यात्म सांगितले. विंचू चावल्याने तडफडणाऱ्या माणसाचे सोंग पाहून लोक आधी हसतात, मग तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे ऐकून गप्प होतात. त्यांच्या काळातील काही पंडितांना हेही खालच्या दर्जाचे वाटले असेल. चित्रपट आणि संतवाणी यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तसे केल्यास तो अविवेक होईल. परंतु सोंग ओळखूनही त्यात रमणारा प्रेक्षक ज्या भूमीत पिढ्यान् पिढ्या घडला, तिथे काऊबॉयचे सोंग घेतलेल्या सामुराईला केवळ मिश्र म्हणून हिणवले जावे, याचे वाईट वाटते.

या चित्रपटांत वाईट चित्रपट पुष्कळ आहेत हे मी मान्य करतो. अनेकांत कथा पातळ आहे, रक्त गरजेपेक्षा जास्त सांडते आणि स्त्रियांना शोभेपुरते वापरले जाते. मात्र यातही ‘कम ड्रिंक विथ मी’सारखे अपवाद आहेत, जिथे बॅले शिकलेली चेंग पेई-पेई ही अभिनेत्री पुरुषांनी भरलेल्या खानावळीत एकटी बसून सगळ्यांना पुरून उरते. निवड करावी लागते, ती तर सर्वच कलाप्रकारांत करावी लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका चित्रपट मंडळाला मी असा एक चित्रपट दाखवावा म्हणून विनंती केली होती. ‘असल्या मारधाडीला आमच्याकडे जागा नाही’ असे उत्तर मिळाले. चित्रपटाचे नाव पुरते ऐकूनही घेतले नाही. त्याच मंडळाने पुढे कुरोसावांचे चित्रपट आदराने दाखवले, याचा मला आनंदच आहे. पण कुरोसावांची कला ज्यांनी उचलून, बदलून पुढे नेली त्यांचीही ओळख प्रेक्षकांना व्हायला हवी.

म्हणून आपल्याला विनंती अशी की, रविवार पुरवणीत या प्रवाहावर एखादी सविस्तर लेखमाला जाणकारांकडून लिहून घ्यावी. छत्रपती संभाजीनगरला दरवर्षी होणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या संयोजकांनी एका वर्षी ‘योजिम्बो’, ‘रेड सन’, ‘सुकियाकी वेस्टर्न जांगो’ आणि ‘द वॉरियर्स वे’ हे चार चित्रपट ओळीने दाखवण्याचा विचार करावा, आणि त्यांतला किमान एखादा तरी परभणी, हिंगोली किंवा नांदेड येथील शाळेच्या पटांगणावर रात्री पडदा बांधून दाखवावा. ज्यांना इंग्रजी किंवा जपानी येत नाही अशा प्रेक्षकांसाठी प्रत्येक चित्रपटाचा एक पानाचा मराठी सारांश, पात्रांच्या रेखाचित्रांसह, मी स्वतः विनामूल्य तयार करून देईन. सेलूहून संभाजीनगरला जाणारी सकाळची गाडी मला सोयीची आहे; कळवल्यास आठ दिवसांत पाने घेऊन येईन.

कळावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
सेलू, जि. परभणी